मानू की क्ष

बाईंनी एकतीस वर्षे बीजगणित शिकवले, आणि त्या एकतीस वर्षांत एका ओळीवाचून कुणालाही पूर्ण गुण दिले नाहीत. शाब्दिक उदाहरण समीकरणाचे असो की असमानतेचे, उत्तराची पहिली ओळ ‘मानू की क्ष म्हणजे अमुक’ अशीच हवी. ती नसेल, तर पुढचे सारे गणित निर्दोष असले तरी क्षभोवती लाल वर्तुळ पडे, शेजारी ‘म्हणजे काय?’ असा प्रश्न उमटे आणि एक गुण जाई. मन आणि मनन हे शब्द ज्या धातूतून आले, त्यातूनच ‘मानणे’ही आले, असे त्या वर्गात सांगत; म्हणून मनात जे धरले ते आधी कागदावर उतरले पाहिजे.

सर्वांत जास्त लाल वर्तुळे त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या वहीत पडली.

“आई, सगळ्यांना कळतंच की!”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला? तेही लिही.”

मुलगा पुढे एका मोठ्या गोदामात अभियंता झाला. दोन वर्षांपूर्वी तिथे मालवाहू लिफ्ट बसली, तेव्हा किती माल चढवावा याचा हिशेब तो सवयीने आईकडे घेऊन आला होता. लिफ्टची क्षमता साडेसातशे किलो. हातगाडी आणि माणूस मिळून दीडशे. खोके पन्नास किलोचे. म्हणून ५०क्ष + १५० ≤ ७५०, आणि क्ष ≤ १२. पहिली ओळ नव्हतीच. शेगडीवर दूध वर येत होते, आणि मुलगा आता मोठा अधिकारी होता. बाईंनी लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि दुधाकडे धावल्या. पुढे लिफ्टच्या दारावर पाटी लागली : ‘जास्तीत जास्त १२’.

गेल्या महिन्यात गोदामात ऐंशी किलोची मोठी खोकी आली. सगळे ज्याला पैलवान म्हणत, त्या हमालाने पाटी वाचली आणि बारा खोकी चढवली. लिफ्टची तार तुटली. पैलवानाचा उजवा पाय गुडघ्यापासून कापावा लागला.

रविवारी सकाळी मुलगा आला तो थेट स्वयंपाकघरात. त्याने तोच कागद ओट्यावर ठेवला. बाईंनी चष्मा लावला. गणिताच्या वर, समासाला अगदी चिकटून, आता एक ओळ होती : ‘मानू की क्ष = लहान खोक्यांची संख्या, प्रत्येकी ५० किलो.’

“ही कधी लिहिलीस?”

“काल.” तो खाली बघत राहिला. “उद्या चौकशी आहे. कागदावर लहान खोकी असं असलं, की माझ्यावर काही येत नाही. पाटी अपुरी रंगवली रंगाऱ्यानं, आणि मोठी खोकी चढवली पैलवानानं. त्यानं विचारायला नको होतं?”

“कुणाला? पाटीला?”

“आई, टोमणे नंतर मार. तुझी खूण आहे यावर, म्हणून तुला बोलावणार आहेत. ओळ होती, एवढंच म्हण. माझी नोकरी जाईल गं.”

बाई त्या ओळीकडे पाहत राहिल्या. अक्षर वळणदार होते, एककही लिहिले होते. उभ्या आयुष्यात या मुलाने क्ष इतका स्पष्ट कधी केला नव्हता.

चौकशी अधिकारी बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने उठून स्वतःची खुर्ची पुढे केली.

“बाई, अजून धडकी भरते तुमच्या लाल पेनाची. माझे किती गुण खाल्लेत!” मग कागद पुढे सरकवून तो अदबीने म्हणाला, “आम्ही फक्त रीत म्हणून विचारतो. ही ओळ नसती, तर तुम्ही बरोबरची खूण केलीच नसती. खरं ना?”

एकतीस वर्षांची शिस्त त्या प्रश्नात साक्षीदार म्हणून उभी होती, आणि ती मुलाच्या बाजूने बोलत होती.

“ओळ नव्हती,” बाई म्हणाल्या. “मी तरीही खूण केली. ती माझी चूक. हवं तर लिहून देते.”

मुलगा शेजारीच बसला होता. तो हलक्या, हळव्या आवाजात म्हणाला, “सर, आई हल्ली विसरते. परवा एकच दूध दोनदा तापवलं तिनं.”

“माझी स्मृती शाबूत आहे!”

“असू दे, बाई.” अधिकाऱ्याच्या डोळ्यांत खरीखुरी माया होती. “त्या गरिबाला वाचवायला तुम्ही पोटच्या पोरालाही बुडवाल, ठाऊक आहे मला. पण तुम्ही पहिल्या ओळीशिवाय खूण केलीत, हे मी कसं लिहू? अख्खं गाव हसेल मला. आम्ही तुम्हाला मानतो, बाई.”

त्याने लिहिले : ओळ होती. चूक हमालाची.

संध्याकाळी बाई रुग्णालयात गेल्या. पैलवान उशांना टेकून बसला होता. निकाल त्याला कळला होता.

“बाई, तुम्ही गणितातल्या, म्हणून विचारतो. पाटीवर बारा होतं. मी बाराच ठेवली. दोनदा मोजली. मोजायला चुकलो का मी?”

“नाही, पैलवान. मोजणी बरोबर होती तुमची.”

“मग कागदावर माझी चूक कशी काय?”

“बारा म्हणजे बारा काय, ते पाटीवर लिहायला हवं होतं.”

पैलवान विचारात पडला. मग बाईंना वाईट वाटू नये म्हणूनच जणू तो हसला.

“बारा म्हणजे बारा, बाई. सगळ्यांना कळतंच की!”

बाईंनी त्याच्या अंगावरची चादर सारखी केली. उजव्या बाजूला ती गुडघ्यापासून पुढे सपाट होती.