इंडिकेटरची घंटा

काशीराम डायवरला ऐकू कमी येतं, हे मिरकरवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या काशीरामला. उभा जन्म त्याने लाँचच्या मशीनपाशी काढला होता. कानाशी डिझेल इंजिन धडधडत असताना कान शाबूत राहिले असते तरच नवल. पण त्याला विचाराल तर हल्ली लोकच तोंडातल्या तोंडात बोलायला लागले होते, आणि त्याच्या जुन्या फियाटचा इंडिकेटरही त्यांच्यातलाच एक.

सगळा घोळ त्या इंडिकेटरचाच होता. वळण संपलं की दांडी आपोआप मागे यायची सोय केव्हाच झिजून गेली होती. दांडी हाताने मागे घ्यायची, आणि घ्यायची आठवण द्यायला डॅशबोर्डमागची बारीक टिकटिक. डोळ्यासमोरचा हिरवा दिवा तर रत्नागिरीच्या उन्हात मेलेलाच असायचा. गेल्या आठवड्यात मारुती मंदिरच्या सर्कलला काशीराम डावीकडे वळला आणि डावा दिवा लुकलुकत ठेवून तसाच पुढे निघाला. हा आता वळणार असं समजून गल्लीतून एक पोरगी स्कूटर घेऊन बाहेर आली. पोरीचं कोपर सोलवटलं, एवढ्यावरच निभावलं. पण त्याच संध्याकाळी शमिका, त्याची मुलगी, घरी आली ती हात पुढे करूनच.

"बाबा, चावी द्या."

"चावी कशाला? टिकटिक मोठी करून घेतो, झालं."

"आणि नाही झाली तर?"

"तर घे चावी. परत मागायचा नाय."

शब्द तोंडातून गेला आणि आपण काय बोलून बसलो ते काशीरामला कळलं. लाँच विकून टाकलेली. बायकोला, सत्यवतीला जाऊन वर्ष झालेलं. आता ही गाडी होती म्हणून तर लोक त्याला अजून डायवर म्हणत होते. चावी गेली की उरला कोण, तर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हटकणारा एक म्हातारा. तसे म्हातारे मिरकरवाड्यात काय कमी होते?

तो इरेला पेटला. माळ्यावर लाँचची पितळी घंटा होती. वर सुकाणूवर उभा तांडेल दोरी ओढायचा आणि खाली मशीनपाशी ही घंटा वाजायची. त्या गोंगाटात माणसाचा आवाज पोचायचा नाही, पण ही घंटा पोचायची. एक टोला म्हणजे पुढे, दोन म्हणजे मागे, आणि लागोपाठ टोले म्हणजे असेल तिथे मशीन बंद, मग कारण विचारायचं नाही. जाळं पंख्यात गेलेलं असू शकतं, माणूस पाण्यात पडलेला असू शकतो. काशीरामने डॅशबोर्डखाली घंटा टांगली, शेजारी तांब्याच्या तारेचं कॉईल बसवलं, त्याला छोटी हातोडी जोडली आणि वायर इंडिकेटरला दिली. आता दिवा लागला की हातोडी घंटेवर आपटायची. गाडी दारात उभी करून त्याने दांडी खाली ओढली. टण्, टण्, टण्. समोरच्या घरातली कमळा खिडकीत येऊन बघून गेली. काशीराम पोरासारखा हसला.

रविवारी बापलेक खाडीपलीकडच्या भाट्याला निघाली. भाट्याला जाऊन यायचं, एक चूक झाली तर चावी शमिकाची. दारातून बाहेर वळताना घंटा वाजली आणि गाडी खाडकन बंद पडली. "मशीन गार आहे," काशीराम म्हणाला आणि पुन्हा स्टार्टर मारला. पुढे उतार, मग खाडीवरचा लांबलचक पूल. मागे मासळीचा टेम्पो लागला होता, समोरून गाड्यांची रांग. शमिकाने डाव्या हाताने दाराची कडी घट्ट धरली होती, आणि ते काशीरामला डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं. त्याला राग आला. आयुष्यभर वादळात लाँच आणली, आणि ही पोर फियाटमध्ये कडी धरून बसते!

पूल संपला. उजवीकडे किनाऱ्याचा रस्ता. समोरून एस.टी. येत होती, पण लांब होती. काशीरामने दांडी टाकली आणि गाडी आडवी घातली.

टण्, टण्, टण्, टण्.

त्याच्या हातांनी त्याला विचारलंच नाही. एका हाताने गिअर न्यूट्रलला गेला, दुसऱ्याने चावी उलटी फिरली, पाय ब्रेकवर दाबला गेला. मशीन बंद. भर रस्त्यात, गाडी आडवी, आणि समोर एस.टी.

"बाबा! काढा! गाडी काढा!"

तो मान वर करून बसला होता, तांडेल वरून काय सांगतो याची वाट बघत. मग काचेत लालभडक एस.टी. मोठी होत गेली, हॉर्नचा घोगरा आवाज त्यालाही ऐकू आला आणि तो भानावर आला. ब्रेक करकचले. एस.टी. थांबली तेव्हा दोन बंपरांमध्ये शहाळंही मावलं नसतं.

ड्रायव्हरने खाली उतरून काशीरामचा यथेच्छ उद्धार केला. काशीरामला त्यातलं निम्मंच ऐकू आलं, पण निम्मंही पुष्कळ होतं. त्याने गाडी सुरू केली आणि किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली नेऊन उभी केली. शमिकाने हात पुढे करायच्या आधीच त्याने चावी काढून तिच्या मांडीवर ठेवली.

काशीराम इंडिकेटरच्या दांडीवर अंगठा फिरवत राहिला.

"तुझी आय असताना असा कधी झाला नाय," शेवटी तो म्हणाला. "तेव्हापण हीच गाडी, हीच टिकटिक."

शमिका चावीशी चाळा करत राहिली. मग तिला राहवलं नाही.

"आई तुमच्या गुडघ्यावर थापट मारायची ना, वळण झालं की?"

"मारायची तर! सवय होती तिची. सारखी आपली मारायची. मी म्हणायचा, हो गो, कळला."

"सवय नव्हती, बाबा." शमिका त्याच्याकडे वळली. "तुम्हाला टिकटिक ऐकू येत नाही हे तिला कळलं होतं. कितीतरी वर्षांपूर्वी. मला शपथ घातली होती तिने. म्हणाली, त्याला सांगू नको, डायवर माणूस आहे, कान गेले म्हटलं की खचेल."

काशीरामने समोर समुद्राकडे पाहिलं. इतकी वर्षं तो त्या हातावर वैतागला होता. एकदा तर चारचौघांत तिला म्हणाला होता, की गाडी मी चालवतो की तू? ती नुसती हसली होती. ते हसू आता त्याच्या काळजात रुतलं. त्याने डावा गुडघा दोन्ही हातांनी धरला आणि बायको गेली तेव्हा जो रडला नव्हता, तो तिथे, सुरूंखाली, मुलीसमोर रडला.

परतताना गाडी शमिकाने चालवली.

दुसऱ्या दिवशी काशीराम पाना-पक्कड घेऊन गाडीत शिरला. त्याने चावी मागितली नाही. आधी पितळी घंटा सोडवली आणि फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली. कॉईल आणि हातोडी मात्र राहू दिली. मग लाँचच्या उरलेल्या सागाची एक पातळ पट्टी तासली आणि सीटवर बसून, बघून बघून, डाव्या गुडघ्याला टेकेल अशी बसवली. हातोडी आता तिच्यावर आपटत होती. आवाज फारसा नव्हताच, पण लाकडातून गुडघ्याला थाप कळत होती.

शमिका दारात उभी राहून बघत होती. ती आत गेली, चावी घेऊन आली आणि शेजारच्या सीटवर बसली. "भाट्याला," एवढंच म्हणाली.

पुन्हा तोच पूल. मागे या खेपेला ट्रक. शमिकाची नजर दांडीवर, काशीरामची रस्त्यावर. पूल संपता संपता त्याने दांडी टाकली आणि समोरची रिक्षा जाऊ देऊन तो उजवीकडे वळला. मशीन चालू राहिलं. वळण पुरं झालं, गाडी सरळ झाली, ट्रक मागून निघून गेला. दांडी मात्र खालीच होती. समोरून एक मोटारसायकल येत होती. शमिकाच्या ओठांवर शब्द आला, हात अर्धवट उचलला गेला, पण तिने तो मांडीखाली दाबून धरला. गुडघ्यापाशी लाकडावर थाप पडत होती. एक, आणखी एक.

"हो गो, कळला," काशीराम वैतागून म्हणाला आणि त्याने दांडी मागे घेतली.

शमिकाने तोंड उघडलंच नव्हतं. तिने मान खिडकीकडे वळवली, आणि घरी पोचल्यावर चावी मागायची ती विसरून गेली.