गोपिका वनस्पतीची पाटी

मी गोपिका वनस्पती तुपाची जाहिरातपाटी बोलतेय. पत्र्याची आहे, आवाज जरा कर्कश वाटेल.

मुंबईच्या एका कारखान्यात लोखंडी पत्र्यावर रंगीत काचेची भुकटी पसरून मला भट्टीत घातलं. बाहेर आले तेव्हा अंगावर नऊवारीतली बाई होती, हातात टम्म पुऱ्यांचं ताट. खाली लिहिलं होतं, ‘पतिदेव प्रसन्न, घर प्रसन्न’. कोपऱ्यातला डॉक्टर हे तूप पचायला हलकं असल्याचं सांगत होता. लोक ते खरं मानायचे. तुपाचे डबे न्यायचे आणि रिकाम्या डब्यात तुळस लावायचे.

डब्यांसोबत मी रेल्वेनं विदर्भातल्या वडशाला आले. एका किराणा दुकानावर बरीच वर्षं ऊन खाल्लं. दुकान पाडलं तेव्हा भंगारात गेले. तिथून इंदुताईंनी मला उचललं. बाजारात त्यांचं भज्यांचं दुकान होतं. भट्टीला वारा लागू नये म्हणून त्यांनी मला तारेनं आडोशाला बांधलं.

भजी तळायची त्यांची सून रंजीता. मुलगा हेमराज पिऊन यायचा आणि तिला मारायचा. इंदुताई मधे पडायच्या, रडायच्या, पुन्हा कांदा चिरायला बसायच्या. गिऱ्हाइकं मान खाली घालून खात राहायची.

एका बाजाराच्या दिवशी तो भर दुपारीच झोकांड्या खात आला. मीठ जास्त झालं म्हणून त्यानं बशी रंजीताच्या तोंडावर फेकली. केस धरून तिचं डोकं माझ्यावर आपटलं. पुन्हा आपटलं.

“वाच, काय लिहिलं हाय. मोठ्यानं वाच.”

“पतिदेव...” तिच्या तोंडात रक्त भरलं होतं. पुढचं तिला वाचता येईना.

त्यानं फडक्यानं कढईचे कान धरले. इंदुताईंनी तार हिसडून मला ओढलं आणि सुनेच्या पुढे धरलं. उकळतं तेल माझ्यावर आदळलं. चित्रातल्या बाईचा चेहरा तडतडून उडाला. थोडं तेल रंजीताच्या मनगटावर गेलं, कातडी सोलून निघाली.

मग इंदुताईंनी मला दोन्ही हातांनी उचलून पोटच्या पोराला हाणलं. माझ्या कडेनं त्याचं कपाळ फाटलं. तो खाली कोसळला तरी त्या थांबेनात. शेवटी रंजीतानंच त्यांचा हात धरला.

“आई, मरन तो.”

पोलिसांनी विचारलं, कोणी मारलं?

“मी. माह्या पोराले मीच मारलं,” इंदुताई म्हणाल्या. “आता हिची तक्रार लिहा. साक्ष माही घ्या.”

हेमराज जामिनावर सुटला आणि नागभीडला मावशीकडे राहू लागला. इंदुताईंनी मला भट्टीमागच्या भिंतीवर टांगलं.

परवा तो आला. बाकावर बसला.

“भजे दे.”

रंजीता उठली, तिनं मला खिळ्यावरून काढलं आणि पुढ्यात धरून उभी राहिली.

“लाइनीत उभा राह्य. बाकीचे गिऱ्हाइक पहिले आले.”

तो लाइनीत उभा राहिला नाही. माझ्याकडे पाहत निघून गेला.

काल शहरातून एक जण आला होता. जुन्या जाहिराती तो हॉटेलात शोभेला लावतो. इंदुताईंनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं परत पाठवलं.

तुम्हीही मला मागू नका. इथंच राहू द्या, या दोघींच्या हाताला येईन एवढ्या उंचीवर.