मोहाचा धूर

राज्यपालांना खरचटलंसुद्धा नाही, ही बातमी दिवसभर टीव्हीवर फिरत होती. शिपाई राजदीप गेला, हे खालच्या पट्टीत होतं.

राज्याचे पहिले नागरिक धानोऱ्याच्या जंगलातल्या विश्रामगृहात तीन दिवस मुक्कामाला येणार म्हटल्यावर केवढा गाजावाजा झाला होता! भिंतींना रंग लागला, रस्त्यावर डांबर पडलं, दारात कुंड्या आल्या. मागच्या कुंपणाला शेळ्यांनी पाडलेलं भगदाड मात्र तसंच राहिलं, कारण तिकडून फोटो निघणार नव्हते. मागच्या कॅमेऱ्याची वायर उंदरांनी कुरतडली होती आणि वायरमन 'उद्या येतो' म्हणून गेला तो गेलाच. नक्षल्यांचं दलम संपलं, आता कोण येतंय, असं मोठे साहेब चहा पिता पिता म्हणत होते. सगळ्यांनाच ते पटलं होतं, हवालदार धनराज उसेंडीलाही.

धनराज टेकडीपलीकडच्या टोल्यावरचा, छोट्या वस्तीतला. इथला माणूस म्हणून त्याला मागची बाजू दिली होती, हाताखाली राजुऱ्याचा शिपाई राजदीप. 'तीन दिवस कोणी जंगलात पाय ठेवायचा नाही' हे गावाला सांगायचं कामही धनराजच्याच गळ्यात पडलं. तेही ऐन मोहाच्या दिवसांत! लोक संध्याकाळी झाडाखालचा पालापाचोळा जाळून जमीन साफ करतात आणि पहाटे पडलेली फुलं वेचतात. पावसाळ्यातलं मीठ-तेल त्याच्यावरच निघतं. त्याची माय सुकरी तेवढी म्हणाली, "मोहाले तुया सायबाचा हुकूम समजते का रे?"

दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना टेकडीच्या उतारावर धूर दिसला. बरोबर सुकरीच्या झाडापाशी. ते मोहाचं झाड आज्यापासून त्यांच्याच घरचं होतं, दुसरं कोणी त्याखाली वेचायला जात नसे.

"भाऊ, धूर होऊन राह्यला तिकडं," राजदीप म्हणाला. "जाऊन पाहून येऊ का?"

धनराजनं झाड ओळखलं. म्हातारीनं ऐकलं नाहीच! राज्यपालांच्या कमांडोंना कळलं तर तिला फरफटत खाली आणतील.

"बस ना बे," तो म्हणाला. "मोहाचा धूर हाये. दरसालचंच हाये हे."

वॉकीटॉकीवर साहेबांनी विचारलं, तेव्हाही त्यानं हेच सांगितलं. साहेबांनी लगेच मान्य केलं. इथल्याच माणसाचा शब्द, त्यावर कोण शंका घेणार?

धूर उतरत उतरत कुंपणामागच्या नाल्यापर्यंत आला आणि त्या धुरातूनच दलमवाले बंदुका घेऊन आले. शेळ्यांच्या भगदाडातून. राजदीप तिथंच उभा होता; पहिली गोळी त्यालाच लागली. पुढचे पहारेकरी मागे धावत येईपर्यंत दोन खोल्या पेटल्या होत्या आणि आलेले परत जंगलात गेले होते. राज्यपाल पुढच्या हिरवळीवर सत्कार घेत होते, म्हणून वाचले. सुरक्षा म्हणतात ती ही.

राजुऱ्याला राजदीपची आई गिरजाबाई धनराजचा हात सोडेना. अंत्यविधीची बुद्धवंदना संपली, लोक पांगले, तरी तिनं तो धरूनच ठेवला. "तुमी होते ना संग? मंग माह्या पोरानं पाह्यलं कसं नाई?"

पाहिलं होतं. त्यानंच तर पाहिलं होतं. धनराजनं हात सोडवून घेतला आणि मोटारसायकल काढली.

चौकशीत आता एकच प्रश्न उरला होता: धूर मोहाचा आहे, हे हवालदाराला कशावरून कळलं? उत्तर द्यायला त्याला बोलावणं आलं, तेव्हा वाट वाकडी करून तो आधी गावी गेला. धूर मायनंच केला असेल, एवढी एकच आशा त्यानं वाटभर धरली होती. तसं असेल तर तो खोटं बोलला नव्हता. आलेल्यांनी त्या धुराचा फायदा घेतला, इतकंच. आईचं नाव चौकशीत जाईल, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. तरी तसंच असावं असं त्याला वाटत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

सुकरी अंगणात तांदूळ पाखडत होती. मोहाची टोपली भिंतीशी उपडी पडली होती.

"माय, त्या दिवशी झाडाखाली गेलती का तू?"

"नाई."

"पाला नाई जाळला?"

"तूच नाई म्हणून गेलता ना? मंग कायले जाईन?" तिनं सूप खाली ठेवलं. "लोकं जातो म्हणत होते. मीच अडवलं. म्हटलं, माह्या पोराची नोकरी हाये. सारे फुलं हरणायनं खाल्ले."

धनराज तिथंच भुईवर बसला. मग त्यानं सगळं सांगितलं. धूर, राजदीप, आपण त्याला जाऊ दिलं नाही ते. सांगता सांगता तो लहान पोरासारखा रडला. सुकरीनं सुपातले खडे एकेक वेचून टाकले.

"त्यायले सांग, मीच लावली आग," शेवटी ती म्हणाली. "म्हातारी बाई हाये मी. मले का करतीन?"

काय करतील ते धनराजला चांगलं माहीत होतं. दलमला मदत केली म्हणून धरलेल्या बाया त्यानंच गाडीत बसवून चंद्रपूरच्या जेलात पोचवल्या होत्या. त्याला नाही म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही.

सुकरीनं तो होकारच समजला. "थांब, लुगडं बदलून येतो," म्हणत ती आत गेली.

आतून पेटीची कडी वाजली. धनराज उठला, मोटारसायकल ढकलत पार गावाबाहेर नेली आणि मगच किक मारली. ती बाहेर येईपर्यंत थांबलो, तर तिला घेऊनच जाऊ, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.