पितळेखालचा टॅग

माझं नाव गुंडा. बावीस वर्षं फौजेत सिग्नलला, म्हंजे रेडिओवर, काढली आन हवालदार हून गावाकडं आलो. फौजी गडी कुणाला भीत न्हाई असं कुणी म्हणलं, की मला तिथनं उठून जावं वाटतंय. का, ते सांगतो.

पलूसकडच्या माळावर बैलांच्या शर्यती हुत्यात. मागल्या साली फायनलच्या निकालावरनं राडा झाला, आन झेंडा धरणाऱ्या पंचाचं डोकं फुटलं. सोळा टाके पडले. कमिटी म्हणली, आता माणसाचा निकालच नको. म्हणून सांगलीच्या अतिशय नावाच्या कारागिराला बोलावलं. तीस वर्षांचा गडी, जैनाचा, आवाज मऊ, पण हातात लय कसब. बारीक तारा जोडायला बसला की जेवणाची शुद्ध ऱ्हायची न्हाई. मी त्याच्या जोडीला, कारण मैदानातली माणसं माझ्या वळखीची.

काम सोपं दिसायचं. प्रत्येक छकड्याच्या जुवाला एक टॅग चिकटवायचा, शेवटच्या रेषेवर कमान उभी करायची, कमानीत रीडर. टॅगात सेल-बिल काय नसतंय. रीडर लहर सोडतो, तिच्याच जोरावर टॅग जागा हुतो आन आपला नंबर परत सांगतो. ज्याचा नंबर आधी आला त्याचं नाव बोर्डावर वर. पण पळत्या बैलाच्या अंगानं लहर अडती, आन दोन टॅग एकदम बोलले की रीडरला काय उमगत न्हाई. अतिशयनं तीन महिने खपून दोन्ही अंगांनी अँटेना बसवल्या आन टॅगांना पाळीपाळीनं बोलायला लावलं. कमिटीनं माईकवरनं दहादा सांगितलं, बोर्ड म्हणंल तेच खरं.

सकाळी मानसिंग आपली जोडी घेऊन आला. मानसिंग माझ्या भावकीतला. अंगानं रेडा, आन राग नाकावर. त्याच्या जुवावर पितळेचा पत्रा ठोकलेला, त्यावर त्याच्या बापाचं नाव, नानासो; समदे त्यांना आबा म्हणायचे. आमच्या भावकीत बाप गेला की त्याचं नाव जुवावर येतं, आन एकदा ठोकलेला पत्रा कुणी काढत न्हाई. मानसिंगनं टॅग त्या पत्र्याखाली सारला हुता, वरनं हळद-कुंकू लावून.

"आबांच्या हाताखाली सुखरूप ऱ्हाईल, गुंडादा," त्यो म्हणला.

अतिशयनं मला बाजूला घेतलं. "काका, पितळेतनं लहर जात नाही. पत्रा काढायला सांगा, नाहीतर टॅग दुसरीकडं लावू."

मी मानसिंगकडं बघितलं. त्यो बैलाच्या पाठीवरनं हात फिरवत हुता. टॅग हलवायचा म्हणजे खिळं उपसायला पायजेत, आन आबाच्या नावाला पक्कड लावा म्हणून त्याला सांगायचं कुणी? मला न्हाई झालं. "पत्र्याचं नाव काढू नको. पावर वाढव," मी म्हणालो.

"पावरचा प्रश्नच नाही, काका."

"तू कालचा गडी. बावीस वर्षं रेडिओच वागवलाय मी. वाढव म्हणतो न्हवं!"

त्यानं वाढवली. छकडा कमानीखाली उभा केला, तर पत्र्याच्या कडंनं कसाबसा नंबर आला. "बघ!" मी म्हणालो. अतिशय म्हणाला, "उभ्याचा आला. पळत्याचा यायचा नाही." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आन म्हणालो, "जबाबदारी माझी."

फायनलला मानसिंगची जोडी अर्ध्या बैलानं पुढं हुती. मी रेषेवरच हुतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं. धुरळा खाली बसला आन बोर्ड लागला. पहिलं नाव मागनं आलेल्या ऋषिराजच्या छकड्याचं. मानसिंगचं नाव वर न्हाई, खाली न्हाई, कुठंच न्हाई.

मानसिंगनं जुवाची शिवळ उपसली. बाभळीचा हातभर दांडका त्यो. "कुणाचा रं ह्यो डबा?"

"माझा," अतिशय म्हणला. मग माझ्याकडं वळला. "काका, सांगा की ह्यांना."

मी फुडं न बघता बोर्डाकडंच बघत ऱ्हायलो. पहिला फटका त्याच्या खांद्यावर बसला आन हाडाचा आवाज मला ऐकू आला. त्यो गुडघ्यावर आला. दुसरा कानामागं. रक्त शर्टावर उतरलं. भोवतीनं आणखी दहा-पंधरा गडी तुटून पडले. कमान पाडली, बोर्ड दगडांनी फोडला. कुणी लाथा घालत हुतं, कुणी थुंकत हुतं. "काका!" त्यानं परत हाक मारली. डोकं झाकायला उजवा हात वर केला, तर तिसरा फटका त्या हातावर. मग मानसिंगनं त्यो हात पायाखाली धरला आन वरनं शिवळ घातली. एकदा. दोनदा. बोटं कुठली आन माती कुठली कळंना.

तवा कुठं माझे पाय सुटले. मी छकड्याकडं पळालो, पक्कड लावून पत्रा उपटला. नाव मधूनच फाटलं. खिशातला हातात धरायचा बारका रीडर टॅगावर धरला आन लगेच टूं वाजलं.

"ऐक रं मानसिंग!" मी बोंबललो. "तुझा टॅग जित्ता हाय! ह्या पितळेनं त्याला बोलू दिलं न्हाई! ह्यो गडी सकाळपासनं सांगत हुता, मीच त्याला गप बसवला! मी!"

समदे थांबले. मानसिंगनं माझ्या हातातला फाटका पत्रा बघितला. मग शिवळ माझ्या तोंडावर घातली. दोन दात पडले. खोटं कशाला बोलू, मला लय बरं वाटलं.

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी अतिशयची दोन बोटं काढली. बाहेर बाकावर त्याची आई, चंदनबालाताई, बसली हुती. माझ्या तोंडातनं रक्त गळतंय बघून तिनं घरनं आणलेला पाण्याचा तांब्या माझ्यापुढं धरला.

"चूळ भरा, हवालदार. तुम्हालाबी मारलं व्हय त्यांनी?" मग म्हणाली, "माझ्या लेकाला मारत होते, तवा तुम्ही कुठं होता?"

गर्दी लय हुती, धुरळा हुता, काय दिसंना, असं समदं मी गाडीत बसून जुळवलं हुतं.

"पाच पावलांवर हुतो, ताई," मी म्हणालो. "त्यानं मला दोनदा हाक मारली."

तिनं तांब्या मागं घेतला आन आत निघून गेली.