हिरव्या पतंगापुढचं नाव

घाबरू नका, घाबरायचं काम माझ्याकडे आहे. मी दिव्यावर येणारे पतंग धरायची पेटी. इंग्लंडातल्या श्रॉपशरमधल्या एका बागेत, सफरचंदाच्या झाडाखाली असते. क्लाईव्हनं मला प्लायवूडची बनवली, त्याला एकतीस वर्षं झाली. डोक्यावर दिवा, पोटात अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. त्या खळग्यांत पतंग निवांत झोपतात. सकाळी क्लाईव्ह एकेकाचं नाव पेन्सिलीनं वहीत लिहितो, चहा पिऊन येतो, मग त्यांना झुडपात सोडतो. त्या वहीला हात लावायची कुणाची बिशाद नाही!

पण गेल्या शरद ऋतूपासून माझ्या जिवाला घोर लागलाय. क्लाईव्हला नीट दिसत नाही. ट्रे नाकाशी धरतो आणि अंदाजानं नाव ठोकून देतो. तो चहाला आत गेला की त्याची बायको ग्लेनिस चोरपावलांनी येते, ट्रे तपासते, चुकलेलं रबरानं खोडून त्याच्यासारख्या अक्षरात लिहिते.

या ऑक्टोबरात ग्लेनिस आठवडाभर तापानं पडून होती. मग, क्लाईव्ह ज्यांना वहीतल्या नोंदी पाठवतो, त्या जिल्ह्याच्या पतंगांच्या नोंदी तपासणाऱ्या बाईंचं पत्र आलं. क्लाईव्हनं माझ्या शेजारीच भिंग लावून वाचलं, "तुम्ही लिहिलेला पतंग मे महिन्यात उडतो. पुन्हा खात्री कराल का?"

"मे?" तो पुटपुटला. "वर्षभर एक चूक नाही, आणि आता थेट मे?"

शाल गुंडाळून ग्लेनिस दारात उभी होती. "चुका होत्या, क्लाईव्ह. मी दुरुस्त करत होते."

क्लाईव्हनं भिंग खाली केलं.

"आणि तो दुर्मिळ हिरवा? पतंगवाल्यांच्या मंडळानं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या तो?"

"शेवाळ समजून झटकून टाकला होतास तू त्याला. मी उचलून वहीत लिहिला."

तो आत गेला. दोन संध्याकाळी दिवा लागला नाही. आता आपली रवानगी सरपणात, या धास्तीनं मी अर्धी झाले.

तिसऱ्या संध्याकाळी दोघं आली.

"वायर सोड, मी जोडतो," क्लाईव्ह खेकसला. "उद्यापासून तू बघ, तूच लिही. आणि वहीत त्या हिरव्यापुढे शोधणारा म्हणून असलेलं माझं नाव खोड. तुझं घाल."

आता ग्लेनिस मोठ्यानं नावं वाचते, आणि हा प्रत्येकाला "नक्की?" म्हणून तिला पिडतो. हिरव्यापुढचं क्लाईव्हचं नाव मात्र तसंच आहे. ती रबर हातात घेते नि ठेवून देते.

"खोडलंस?" तो रोज विचारतो.

"हो रे बाबा, कधीच."

त्याला कुठं दिसतंय! पण माझा जीव टांगणीला लागलाय. हात जोडते, तुम्ही तरी त्याला सांगू नका.