पासबुकातले चोवीस हजार

त्या रविवारी बाबा माझ्याच चष्म्याचा स्क्रू घट्ट करत होते. त्यांचं चष्म्याचं दुकान रविवारी अर्धा दिवस उघडं असे, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी मी क्रेडिट कार्डाचं बिल घेऊन तिथे जात असे. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर मला बसवून ते म्हणायचे, "वाच. मोठ्याने. एकही खर्च गाळायचा नाही."

चौऱ्याऐंशी हजारांचं देणं आम्ही असं वाचत वाचत फेडलं होतं. किमान रक्कम भरून मी निवांत आहे हे कळलं, तेव्हा ते इतकंच म्हणाले होते, "बादलीला भोक पडलंय आणि तू फरशी पुसत बसलीयेस."

देणं संपलं त्या दिवशी त्यांनी फर्मान काढलं: हप्ता थांबवायचा नाही. तेच चार हजार दरमहा बचत खात्यात.

पहिल्याच महिन्यात मला ते जमलं नाही. हात मोकळा झाला होता, पगार वीस तारखेलाच आटोपला. कोरं पासबुक घेऊन त्या स्टुलावर बसणं जिवावर आलं. बाबांना ठाऊक नसलेलं दुसरं एक कार्ड माझ्याकडे होतं. त्यावरून चार हजार रोख काढले आणि खात्यात भरले. मग दर महिन्याला तेच. वर्षाला तीन टक्के मिळावेत म्हणून मी महिन्याला साडेतीन टक्के देत होते. हे गणित मला कळत नव्हतं, असं नाही.

त्या रविवारी सहावी नोंद पाहून त्यांनी शेजारच्या शिंप्याला हाक मारली. "या, आमच्या उधळमाणकीचं पासबुक बघा."

"पोरीनं बापाला लाजवलं की," शिंपी म्हणाला.

"लाजवू दे. कधीपासून वाट बघतोय."

सांगून टाकावं असं वाटलं. पण ते माझ्या चष्म्याच्या काचा पुसत हसत होते. पुढच्या महिन्यात सांगू, म्हटलं.

मंगळवारी दुपारी शटर ओढताना ते पायरीवर बसले. शिंपी पाणी घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याने आईने मला दुकानात बोलावून घेतलं. ती बाबांच्या खुर्चीत बसली होती, खुर्ची उंच करून.

"दुकान मी चालवणार आहे," ती म्हणाली. "डोळे तपासायला एक बाई आठवड्यातून तीन दिवस यायला तयार आहेत. फ्रेमा मी बघेन. तीस वर्षं यांच्या काचा पुसल्यात, काही तरी आलंच असेल."

"चांगलंच होईल आई."

"पण मालक सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतोय. चोवीस हजार. शुक्रवारपर्यंत दिलं नाही, तर जागा दुसऱ्याला." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुझ्या पासबुकात आहेत तेवढे. हे सांगायचे मला, जेवताना रोज. घास थंड व्हायचा, यांचं पासबुक संपायचं नाही. उसने दे. दरमहा फेडीन, कागदावर लिहून देते हवं तर."

"अगं, लिहून कसलं देतेस."

"का? आईला काय वेगळा कायदा?"

देऊन मोकळं होता आलं असतं. दुकान राहिलं असतं, आईने शिंप्याला अभिमानाने सांगितलं असतं. मग पगार दुसऱ्या कार्डाच्या व्याजात गेला असता, आणि तिच्या हप्त्याची वाट पाहत मी पुन्हा रोख काढायला गेले असते. तिने दिलेला पैसा कुठे जातोय, हे तिला कधी कळलं नसतं.

"काय झालं? अडचण आहे का?" आईने विचारलं. "असली तर सांग. मी शिंप्याकडे शब्द टाकेन."

मी स्टुलावर बसले.

"आई, ते पैसे माझे नाहीत. माझ्याकडे आणखी एक कार्ड आहे. त्यावरून काढून मी पासबुकात भरत होते. सहा महिने. अठ्ठावीस हजार देणं झालंय. बाबा खूश होत होते, म्हणून मी त्यांना सांगितलं नाही."