आप्पासाहेबांमागची बास्केट

"आता बघ हं," भारती प्रज्ञाला म्हणाली, आणि मी मान खाली घातली. पुढे काय दिसणार ते मला पाठ होतं. अठ्ठ्याऐंशी सालची बास्केटबॉलची राज्य अजिंक्यपदाची फायनल. नगरच्या मुली एका गुणाने मागे, चार सेकंद शिल्लक, चेंडू भारतीच्या हातात. तिने उडी मारली, आणि टीव्हीवर आले आप्पासाहेब. हात जोडलेले, गळ्यात हार, मागे सनई.

ही करामत माझी. मी लग्नाचं शूटिंग करणारा माणूस. बडा पाहुणा मांडवात शिरला की कॅमेरा त्याच्याकडे फिरलाच पाहिजे, हे अंगात भिनलेलं. प्रमुख पाहुणे आप्पासाहेब दोन तास उशिरा आले, ते नेमके त्याच क्षणी. वर मी कॅसेटची कॉपी सजवताना मैदानाचा सगळा आवाज काढून त्यावर सनई चढवली. आठवड्याने भारती माझ्या भिंगारच्या दुकानात भांडायला आली. इतकी भांडली की चार महिन्यांत आमचं लग्न झालं. भांडण तेवढं मिटलं नाही.

पेपरात ती जिंकून देणारी बास्केट कॅप्टनच्या नावावर छापून आली होती. तेव्हापासून अकरा वर्षं आमच्याकडे जवळजवळ दर रविवारी ती कॅसेट लागते. भारती नागापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, आठ तास उभ्याने काम. रविवारी ती बसते ती या मॅचसाठी.

"मम्मी, खरंच तूच टाकलीस?" प्रज्ञाने विचारलं. "आमचे सर म्हणतात कॅप्टनने टाकली. टीममधल्या मुली मला थापाडी म्हणतात."

"दिसतच न्हाई तर पोरीनं मानावं कसं?" माझी आई, विमलबाई, शेंगा सोलता सोलता म्हणाली. "मी तरी कुटं बघितलंय?"

भारतीने कॅसेट काढली आणि कपाटात अगदी मागे सारली. "बास झालं. आता ही नाही लावायची," एवढंच म्हणाली. ती माझ्यावर चिडते तेव्हा मला काही वाटत नाही. पण तिचं असं पडलेलं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. मला माझीच लाज वाटली.

आईलाही चुटपुट लागली असावी. "छगन, तुमच्या लग्नाची लाव रं," ती म्हणाली. "लई दिस झाले."

ही कॅसेट आम्ही कधी शेवटपर्यंत पाहिली नव्हती. पाठवणी आली की आई डोळ्यांना पदर लावते, मग कोणीतरी उठून बंद करतं. त्या दुपारी आई आधीच घोरायला लागली होती. पाठवणी संपली, पडद्यावर मुंग्या आल्या. कोणी उठलं नाही.

"पास दे! भारतीला पास दे!"

मी ताडकन उभा राहिलो. लग्नाच्या गडबडीत नवी कॅसेट मिळाली नव्हती, म्हणून शूटिंगसाठी मी हेल्परला मॅचची मूळ कॅसेटच दिली होती. मॅच सगळी पुसली गेली असं धरून चाललो होतो. पण कॅसेट तीन तासांची आणि लग्न अडीच तासांत आटोपलेलं. उरलेल्या अर्ध्या तासात फायनलचा शेवट तसाच होता, सनईशिवाय.

चित्र तेच. भारतीची उडी, मग आप्पासाहेब. पण त्यांच्यामागे कोणीतरी जिवाच्या आकांताने ओरडलं, "भारती, टाक!" क्षणभर सगळं चिडीचूप. आणि मग अख्खं मैदान, "भारती! भारती!" आप्पासाहेब हार सावरत शेजारच्याला विचारत होते, "कोण ही पोरगी?"

"भारती, साहेब! भिंगारची! तिनंच जिंकून दिलं!"

"कोन वरडतंय?" आई दचकून जागी झाली.

"सगळं मैदान, आजी!" प्रज्ञा नाचत होती.

आईने दुसऱ्यांदा ऐकलं, तिसऱ्यांदा ऐकलं. "व्हय गं माझे बाय," ती भारतीला म्हणाली, "लई उशीर केला आमी." मग माझ्याकडे वळून, "परत लाव. आन त्या आप्पासाहेबाला म्हनावं, जरा बाजूला हो."

पाचव्यांदा लावली तेव्हा भारती उठली आणि टीव्हीसमोर उभी राहिली. आप्पासाहेब तिच्यामागे झाकले गेले. "भारती, टाक!" आवाज आला तशी तिने उडी मारली. रिकामे हात वर गेले, मनगट वळलं. मैदान ओरडलं, प्रज्ञा ओरडली, आईसुद्धा ओरडली.

मी या वेळी नजर हलवली नाही.